आक्का मिस्त्री

आक्का कुठलीही गोष्ट आधी वाजवून बघायच्या. उजव्या हाताची मधली दोन बोटं दुमडून पेरांनी टकटक करायच्या आणि मान तिरकी करून ऐकायच्या. कलिंगड, माठ, नारळ हे सगळेच वाजवतात. आक्का दार वाजवायच्या, स्टीलचा डबा वाजवायच्या, नव्या बाईची पाठ वाजवायच्या. मी फौंड्रीत पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "कच्चं हाय गं. भाजाय पायजे." मला असा राग आला म्हणता! बारावी पास झालेली मी, वडिलांची गिरणी बंद पडली म्हणून वाळूत हात घालायला आलेली, आणि ही नऊवारीतली बाई माझं डोकं वाजवते! पुढं कळलं की आक्कांनी ज्याला वाजवलं त्याला त्यांनी आपलं धरलं असं समजायचं.

उद्यमनगरातली ती फौंड्री. नाव सांगत नाही. सांगून काय उपयोग, तशा तिथं गल्लोगल्ली होत्या. आम्ही बायका कोअर शॉपमध्ये. कोअर म्हणजे वाळूचा गाभा. पंपाची बॉडी आतून पोकळ हवी असेल तर तेवढ्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा ठोकळा आधी करावा लागतो, तो साच्यात बसवायचा आणि भोवतीनं वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळूत तेल आणि काकवी कालवायची, पेटीत ठासून भरायची, अलगद पालथी करायची आणि भट्टीत भाजायची. नीट भाजलेला कोअर वाजवला की टण्ण बोलतो. आत ओल राहिली असेल तर भद्द वाजतो, आणि तसा साच्यात गेला तर ओलीची वाफ लोखंडात शिरून सगळ्या मालाला भोकं पडतात. भट्टीतून निघालेला प्रत्येक कोअर आक्का वाजवायच्या आणि मगच पुढं जायचा. हे काम कागदावर गणपत मिस्त्रींचं होतं. गणपत मिस्त्री भला माणूस. तो दाराशी बसून तंबाखू मळायचा आणि विचारायचा, "आक्का, झालं का?" आक्का म्हणायच्या, "झालं." मग तो मोठ्यानं ओरडायचा, "झालं रे!" ह्या ओरडण्याचा पगार आक्कांच्या पगाराच्या दुपटीला थोडा कमी होता.

आक्का हजेरीवर 'हेल्पर'. आम्ही सगळ्याच हेल्पर. साचे करणारे गडी मोल्डर, भट्टीवरचे गडी ऑपरेटर, आणि परवा लागलेलं मिसरूड फुटलेलं पोरगंसुद्धा आमच्यापेक्षा वरच्या रेटनं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "त्याला घर चालवायचं असतंय." आक्कांचा नवरा संसार सोडून कधीचा कर्नाटकात निघून गेला होता. एका मुलीला त्यांनी एकटीनं वाढवलेलं. त्यांचं घर बहुतेक देव चालवत होता!

मोल्डर लोक त्यांना चिडवायला 'आक्का मिस्त्री' म्हणायचे. त्या चिडायच्या नाहीत. "म्हना की. तोंडानं म्हनाय पैसं पडत न्हाईत, म्हनून तर म्हनतायसा," असं म्हणून हात वाळूत घालायच्या. सुट्टीची घंटा झाली की गड्यांनी हातपाय धुऊन सायकली काढायच्या आणि बायकांनी अख्खं शॉप झाडून मग जायचं, असा रिवाज होता. कोणी काढला, कधी काढला, काही पत्ता नाही. एका शनिवारी आक्कांनी खराटा नेऊन मोल्डरांच्या सायकलींना आडवा लावून ठेवला. "आमाला दोन हात हाईत, तुमाला किती हाईत बगू?" गडी हसले, शिव्या घातल्या, पण त्या दिवशी त्यांनी त्यांची बाजू झाडली. सोमवारी पुन्हा आम्हीच झाडलं. आक्का म्हणाल्या, "एक शनवार तर गावला."

दिवाळीची गंमत ऐका. गड्यांना बोनसचं पाकीट आणि बायकांना साडी. मालक स्वतःच्या हातानं वाटायचे, जणू बहिणींना ओवाळणी घालतायत. सगळ्या साड्या एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच रंगाच्या. पाडव्याला आम्ही रस्त्यानं निघालो की शाळेची सहल निघाल्यासारखं दिसायचं. त्यात आक्का नऊवारी नेसणाऱ्या आणि मालकांची साडी पाचवारी. पहिल्या वर्षी आक्कांनी ती तिथंच उलगडून कमरेला लावून बघितली आणि भर घोळक्यात विचारलं, "मालक, ही निम्मीच हाय. पगारासारखीच मापून आणलाईसा व्हय?" मालक हसले. त्यांना हसायला येत होतं, आमच्यावर हसायला कुणालाही येतं. दरवर्षी साडी तशीच येत राहिली आणि आक्का दरवर्षी ती फाडून वाकळ शिवत राहिल्या. कळंब्याला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात त्या वाकळांची चवड होती. "मालकाचा बोनस पाठीखाली घालून निजतो मी. दुसरं काय करू त्याचं?" असं त्या म्हणायच्या.

कामावर आक्कांचा पदर कायम कमरेला घट्ट खोचलेला. आवाज भट्टीच्या वर. मालक असो, गाडीवाला असो, तपासायला आलेला साहेब असो, कुणासमोर तो पदर हलला नाही. डोक्यावरून पदर त्या फक्त एकाच माणसासमोर घ्यायच्या, तो म्हणजे त्यांचा जावई. मंगल ही त्यांची मुलगी, तिला जयसिंगपूरला दिलेली. जावई दिलीप एका दुकानात हमालीवर होता. आक्कांच्या घरातली पद्धत फार कडक. सासूनं जावयाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासमोर पाय पसरून बसायचं नाही, डोकं उघडं ठेवायचं नाही आणि त्याच्याशी समोरासमोर बोलायचंही नाही. काही सांगायचं झालं तर मधल्या माणसाला सांगायचं. घरात कुणी मधलं नसलं तर भिंतीला सांगायचं. मी थट्टा केली तर म्हणाल्या, "शालन, लेकीचं सुख त्यांच्या हातात हाय. माझ्या तोंडाचा काय भरवसा? त्यापरीस झाकल्यालं बरं."

दिलीपचं काम सुटलं आणि मंगल नवऱ्याला आणि लहान मुलीला घेऊन आईकडे राहायला आली. आक्कांनी मालकांना गळ घालून जावयाला लोखंड वितळवायच्या भट्टीवर लावून घेतलं. "कुटंबी लावा, पर कोअरमदी नको," एवढंच मागितलं. दिलीप वाईट नव्हता हो. मान खाली घालून काम करायचा, दारूबिरू नाही. मऊ माणूस. पण ह्या मऊ माणसांनी आयुष्यात आम्हा बायकांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं गुंडांनीसुद्धा केलं नसेल.

त्याच साली गणपत मिस्त्री थकले आणि गावाकडे गेले. जागा रिकामी झाली. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्का हात धुऊन मालकांच्या केबिनकडे निघाल्या आणि मला म्हणाल्या, "चल. साक्षीला पायजे कोनतरी." आत गेल्यावर मालकांनी बसा म्हटलं नाही, आक्कांनी बसायची वाटही बघितली नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मालक, मिस्त्रीचं काम इतकी वर्सं मी करतोय. आता मिस्त्री मला करा. पगारबी मिस्त्रीचा द्या. उपकार नको, रेट पायजे."

मालकांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "आक्का, तुम्ही म्हणजे घरच्या. तुमच्याशिवाय शॉप चालायचं नाही, मला कळतंय की. पण गडी बाईचं ऐकतील काय?"

"रोज ऐकत्यात की. इचारा ह्या पोरीला."

"ऐकतात, ऐकतात," मी म्हणाले.

"बघतो," मालक म्हणाले. "दसऱ्याला काय ते करून टाकू."

बाहेर आल्यावर आक्कांनी केबिनचं लाकडी दार दोन बोटांनी वाजवलं आणि मान तिरकी केली. मी विचारलं, "काय म्हणतंय?" त्या हसल्या. "आवाज तर बरा आला." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा गाणं गुणगुणताना ऐकलं. मिस्त्रीचा पगार सुरू झाला की पत्रा काढून कौलं घालायची, नातीला चांगल्या शाळेत घालायचं, आणि नृसिंहवाडीला जाऊन दत्ताला पेढे ठेवायचे, असं सगळं ठरलं होतं. पेढे किती आणायचे यावर आमच्यात वादसुद्धा झाला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. प्रत्येक शॉपमध्ये भट्टीला, यंत्रांना हार घालायचा आणि त्या शॉपच्या मिस्त्रीनं नारळ फोडायचा. ज्याच्या हातात मालक नारळ देतील तो मिस्त्री, त्याला वेगळं पत्र लागत नसे. आक्का त्या दिवशी ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून आल्या होत्या. भट्टीचं दार त्यांनी सकाळी स्वतः पुसून, हळदकुंकू लावून सजवलं. मोल्डर लोकही जमले होते. एक जण म्हणाला, "आक्का मिस्त्री, आज पार्टी!" या वेळी तो चिडवत नव्हता.

मालक आले. हातात नारळ. आक्का एक पाऊल पुढं झाल्या, पदर खोचलेला, हात लुगड्याला पुसलेले. मालकांनी त्यांच्याकडे बघून छान हसून घेतलं आणि मागं वळून हाक मारली, "दिलीप, ये रे पुढं!"

दिलीपला काही माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तो भांबावून पुढं आला. मालकांनी नारळ त्याच्या हातात दिला आणि आक्कांना म्हणाले, "बघा आक्का, तुमच्याच घरात दिलं. पैसा तुमच्याच घरी जाणार, मान तुमच्याच जावयाचा. आणि तुम्ही आहातच की त्याला शिकवायला. झालं ना मनासारखं?"

सगळे आक्कांच्या तोंडाकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ही बाई भट्टीचं दार उपटून मालकाच्या डोक्यात घालणार. मी वाटच बघत होते. आक्कांनी कमरेला खोचलेला पदर काढला. हळूच झटकला. आणि डोक्यावरून घेतला, कपाळापर्यंत. समोर जावई उभा होता. त्या काय बोलणार? तो आवाज, भट्टीच्या वर जाणारा, तो त्या पदराखाली गेला आणि पुन्हा त्या शॉपमध्ये कुणी ऐकला नाही. दिलीपनं नारळ फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं, मलाही दिलं. मी ते तोंडात न घालता वाळूत टाकलं.

मालकांची हुशारी बघा. नाही म्हणाले असते तर आक्का भांडल्या असत्या, काम सोडलं असतं, दुसरीकडे गेल्या असत्या. आता भांडायचं कुणाशी? जावयाशी? त्याचा पगार वाढला म्हणून मंगलच्या घरात पहिल्यांदा रोज दूध यायला लागलं होतं. जावई-लेकीनं वेगळी खोलीही घेतली. आक्कांच्या घरावर पत्रा होता तो तसाच राहिला.

आणि शिकवायचं कसं? बोलायची तर बंदी. मग मधलं माणूस मी. आक्का कोअर वाजवायच्या आणि खालमानेनं मला म्हणायच्या, "शालन, मिस्त्रीस्नी सांग, वाळूत तेल कमी पडालंय म्हनावं." दिलीप चार हातांवर उभा असायचा, त्याला सगळं ऐकू जायचं. तरी मी वळून सांगायचं, "मिस्त्री, तेल कमी पडतंय." तो म्हणायचा, "त्यास्नी म्हनावं, घालतो." हसू नका. तीन माणसांच्या पगारात एका मिस्त्रीचं काम असं वर्षानुवर्षं चाललं आणि त्यातल्या दोघी हेल्पर होत्या.

मग ती पंपाची ऑर्डर आली. मोठी ऑर्डर, माल न्यायला दोन दिवसांत ट्रक येणार, मालक शॉपच्या दारात घड्याळ बघत उभे. भट्टीचं दार उघडलं, कोअर बाहेर काढले. आक्कांनी पहिला वाजवला. मान तिरकी केली. दुसरा वाजवला. मला म्हणाल्या, "शालन, मिस्त्रीस्नी सांग, परत आत ठिवा. पोटात वल हाय अजून."

मी सांगितलं. दिलीपनं कोअरकडे बघितलं, मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "काय रे, अडलंय कुठं?" दिलीप म्हणाला, "काय न्हाय मालक, झालं. घ्या बाहेर."

आक्कांनी पुन्हा वाजवला. या वेळी बोटांनी नाही, लोखंडी उलथन्याच्या दांड्यानं, अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असा. भद्द. दिलीपनं ऐकलं. त्याचे कान लाल झाले. पण दारात मालक होते, आणि मिस्त्री होऊन सासूचं ऐकतो असं गड्यांनी म्हटलं असतं. "घ्या म्हनलं की बाहेर!" तो ओरडला. पहिल्यांदाच ओरडला असेल. कोअर गेले.

दुसऱ्या दिवशी साचे फोडले तर सगळ्या बॉड्या भोकाभोकांच्या. एकही धड नाही. मालक लाल होऊन कोअर शॉपमध्ये आले. "कुणाचं काम हे? कच्चे कोअर कुणी दिले? ज्यानं दिले तो आजच्या आज गेटच्या बाहेर!" दिलीपचा चेहरा राखेसारखा झाला होता. मंगलला तेव्हा दुसऱ्या खेपेचा सातवा महिना.

पदराखालून आवाज आला, "माझ्याकडनं झालं, मालक. मी काढलो कच्चं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आक्कांनी माझ्या पायावर असा पाय दाबला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालकांनी मान हलवली. "तरी मी म्हणत होतो. बाईच्या हातात दिलं की हे असं होतं." हेल्पर बाईच्या हातात अख्खा माल आला कसा, हे तिथं कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं मिस्त्रीचा पगार आक्कांच्या वाट्याला आला नाही. मिस्त्रीची चूक आली, तीही पूर्ण रेटनं.

आक्कांनी डबा घेतला, चपला घातल्या आणि गेटबाहेर पडल्या. दिलीप भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. पुढच्या महिन्यात आक्कांच्या जागेवर मालकांनी कुणाला घेतलं असेल? एका विशीच्या पोराला, आणि आक्कांपेक्षा जास्त पगारावर. मी त्या वर्षीच ती फौंड्री सोडली आणि दुसऱ्या कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर लागले.

कळंब्याला मी अधूनमधून जायची. आक्का दुसऱ्यांच्या वाकळा शिवून देत होत्या. वाळूची धूळ छातीत बसली होती, दोन वाक्यांमागं दम लागायचा. मी टेकले की पहिला प्रश्न ठरलेला, "बायकांचा काय चाललाय रेट?" मी सांगायची. "आणि गड्यांचा?" तोही सांगायची. माझ्याच टेबलाला टेबल लावून बसणारा, माझ्या मागून आलेला पोरगा माझ्यापेक्षा किती जास्त घेतो तेही सांगायची. आक्का ऐकून घ्यायच्या आणि दुमडलेल्या बोटांनी फरशी वाजवायच्या. "कच्चंच हाय अजून."

शेवटची भेट आक्का वारल्या त्याच्या आठवडाभर आधीची. दुपारची वेळ. आक्का वाकळांच्या चवडीला टेकून बसलेल्या, मी शेजारी, आईचं करायला आलेली मंगल आत चुलीपाशी. बाहेर मोटारसायकल थांबली आणि दिलीप आत आला. दुसऱ्या पाळीला जाता जाता सासूला बघायला आला होता. पोट सुटलं होतं, केस पिकले होते. तो दाराशी खुर्चीवर बसला. आक्कांचा हात सवयीनं पदराकडे गेला. आणि तिथंच थांबला. डोकं उघडंच राहिलं, पांढरे केस सगळे दिसत होते. त्यांनी सरळ त्याच्याकडे बघितलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "कोअर कच्चा हुता."

आयुष्यात पहिल्यांदा त्या त्याच्याशी बोलत होत्या. दिलीपनं मान खाली घातली. म्हणाला, "व्हय, आत्या."

"तुमी ऐकला हुतासा आवाज."

"व्हय."

आक्कांना दम लागला. मी पाणी पुढं केलं, त्यांनी ते बाजूला सारलं. "मग तितं मिस्त्री कोन हुतं?"

दिलीप पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते, मनात म्हणत होते, बोल की रे बाबा, आता तरी बोल, तुझं काय जातंय? तो बोलला नाही. आतून मंगलचा आवाज आला. जन्मात कधी मोठ्यानं न बोललेली पोरगी, पण आवाज अगदी आईचा, भट्टीच्या वर जाणारा.

"तू हुतीस, आई."

आक्कांनी मान तिरकी केली. ऐकला. मग सावकाश पदर घेतला, डोक्यावरून, कपाळापर्यंत, आणि माझ्याकडे वळून पहिल्यासारख्याच खालच्या आवाजात म्हणाल्या, "शालन, जावईबापूंस्नी म्हनावं, च्या घिऊन जावा."

मी वळले आणि सांगितलं, "मिस्त्री, चहा घ्या." त्यानं चहा घेतला, बशीत ओतून प्यायला, कप खाली ठेवला आणि दुसऱ्या पाळीला गेला. मिस्त्री होता ना, वेळेवर जावं लागतं.